माझा नंबर पाच

२ मार्च, सोमवार

सत्तावीस वर्षं मी लोकांच्या पायाशी बसून बूट चढवले. "बाई, तुमचं माप चुकलं" असं एकाही माणसाने कधी म्हटलं नाही. आज एका दिवसात सात जणांनी म्हटलं. सात!

म्हणून ही वही. पुढच्या पानांवर मापांची नोंद करायची, असं मालकिणीने सांगितलंय. मागच्या पानांवर मी माझी चिडचिड लिहिणार. ती कुठेतरी ओकायला हवीच, आणि आमच्या ह्यांना सांगायला जावं तर ते नुसतं "हं" करतात. सुतार माणूस. तोंडात कायम खिळे धरायची सवय, त्यामुळे बोलणं बेताचंच.

तर, आमचं बुटांचं दुकान जानेवारीत बंद झालं. शेठनी जाताना मला पायाचं माप घ्यायची लोखंडी पाटी दिली, तीच ती, आकडे कोरलेली आणि सरकत्या पट्टीची. म्हणाले, "तुला कधी लागली नाही, पण तूच ने." खरंच लागली नाही. माणूस दारातून आत आला की मला त्याचा नंबर दिसतो. गर्वाने नाही सांगत, आहे ते सांगतेय. मला जगात हे एकच येतं. ना शिवण येत, ना कॉम्प्युटर, ना गोड बोलणं.

आता नोकरी लागलीय ती चढाईच्या भिंतीवर. जुन्या गोदामात तीन मजली उंच भिंत उभी केलीय, तिला धरायला नि पाय ठेवायला रंगीबेरंगी ढेकळं ठोकलीत, आणि लोक कमरेला दोर बांधून वर जातात नि खाली येतात. वर काय आहे, मी विचारलं. एक घंटा आहे म्हणे. ती वाजवायची आणि उतरायचं. असो, ज्याची त्याची हौस. ह्याला खास बूट लागतात, पुढून निमुळते, खाली गुळगुळीत रबर. ते भाड्याने द्यायचं काउंटर माझं. महिनाभर बघायचं, जमलं तर पक्कं.

मालकीण तिशीची, काटकुळी. मी भेटायला गेले तेव्हा ही छताशी उलटी लटकून दिवा पुसत होती आणि तिथूनच म्हणाली, "काकू, बसा ना!" मनातल्या मनात मी तिचं नाव पाल ठेवलंय.

आज मी प्रत्येकाला नियमाप्रमाणे अंगठाभर जागा सोडून बूट दिले. बोटांच्या पुढे माझा अंगठा मावला पाहिजे, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. तर सगळे धडाधड घसरायला लागले. पाल म्हणाली, "काकू, ह्या बुटांत जागा नाही सोडायची. बोटं पुढे टेकली पाहिजेत. दुखायला नको, पण पाय आत हलायलाही नको." आता ह्या वयात अंगठा विसरायचा म्हणजे कठीणच आहे.

४ मार्च, बुधवार

अंगठा विसरले. तरी बोंब आहेच.

आमच्याकडे तीन कंपन्यांचे बूट आहेत. कंपन्यांची नावं घेताना जीभ अडकते, म्हणून मी खोक्यांच्या रंगावरून ओळखते: पिवळं, निळं, काळं. एक टपाल कचेरीतले गृहस्थ आले, पाय सरळ नऊ. पिवळ्यातला नऊ त्यांना जाईना. काळ्यातला नऊ ढगळा. निळ्यातला नऊ बसला. माणूस एक, पाय तेच, वेळ पाच मिनिटांची, आणि तीन कंपन्यांचे तीन नऊ! अरे, नऊ म्हणजे नऊ ना? का ह्यांच्या गावात पट्ट्या वेगळ्या असतात?

पालीला विचारलं तर म्हणाली, "प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं काकू. हळूहळू अंदाज येतो."

अंदाज! मापाच्या धंद्यात अंदाज म्हटल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला म्हटलं, "मला दोन दिवस दे, मी तक्ता करून देते. पायाचा नंबर इकडे, कंपनीचा नंबर तिकडे. लहान मूलसुद्धा बूट देईल." ती म्हणाली, "तसं झालं तर मी तुमच्या पाया पडेन."

शिवाय एक नवीन भानगड कळली. इथे काम करणाऱ्या प्रत्येकाने महिन्याच्या आत एकदा भिंत चढून घंटा वाजवायची, स्वतः निवडलेल्या बुटांत. जे दुसऱ्याच्या पायात घालतो ते आपल्या पायाला माहीत हवं, असा पालीचा नियम आहे. एकतीस तारखेपर्यंत मुदत. मी एक्कावन्न वर्षांची बाई. स्टुलावर चढताना हे खाली स्टूल धरून उभे राहतात.

६ मार्च, शुक्रवार

आज सकाळी लवकर जाऊन तक्ता करायला घेतला. रीत सोपी आहे. एकच पाय सगळ्या बुटांत घालायचा आणि कुठला नंबर चपखल बसतो ते लिहायचं. पाय माझाच. मी पाच. अगदी सरळ, स्वच्छ पाच.

पिवळ्यातला पाच: निम्म्यात अडकला. सहा: बोटं दुमडली, डोळ्यांत पाणी आलं. सात: बरोब्बर. म्हणजे ही कंपनी दोन नंबर लहान करते, बघा! लिहिलं: पिवळं, दोन वाढवायचे. निळ्यात साडेसहा बसला. लिहिलं: निळं, दीड वाढवायचे. तरी मी म्हणतेच, लोक घसरतात कसे!

काळ्याचं मात्र अडलं. त्यांचे मधले नंबर अजून यायचेत, पाच आहे आणि मग एकदम आठ. पाच काही केल्या जाईना. पालीला सांगून घरी घेऊन आले आहे, जरा घालून घालून सैलावतो का ते बघते. नवीन बुटांचं मला कधी अवघड वाटत नाही. माझ्या पायाला तो गुणच आहे. पहिल्या आठवड्यात कितीही चावले तरी एक-दोन रविवार गेले की लोण्यासारखे होतात. दुकानातल्या बाकीच्या पोरी हेवा करायच्या.

डाव्या करंगळीचं कुरूप पुन्हा ठणकतंय. दिवसभर काउंटरखाली बूट काढून उभी होते. ती जुनीच सवय आहे, फरशी गार लागते, बरं वाटतं.

पाचावरून आठवलं. लहानपणी आत्या चारचौघांत म्हणायची, "हिला बूट कसले आणता, होड्या आणा." मी चौदाची होते. पाहुणे हसायचे, मी पाय खुर्चीखाली ओढून घ्यायचे. पुढे दुकानात लागले, पहिल्याच दिवशी शेठनी विचारलं, "तुझा नंबर?" मी म्हटलं पाच. त्याच आठवड्यात फळ्या बसवायला एक सुतार आला होता, त्यानेही विचारलं, त्यालाही पाच सांगितलं. त्याच सुताराशी पुढे लग्न झालं. आत्याला काय डोंबल कळत होतं मापातलं!

८ मार्च, रविवार

रविवार म्हणजे ह्यांचा पॉलिशचा दिवस. घरातले सगळे बूट उचलून मागच्या शेडमध्ये नेतात आणि संध्याकाळपर्यंत परत आणत नाहीत. तीन जोडांना सात तास! मी किती वेळा म्हटलंय, "अहो, बूट पुसताय की घडवताय?" तर "हं." शेडमध्ये मी जात नाही, भुशाने मला शिंका येतात.

आज काळ्या खोक्यातले चढाईचे बूटही घेऊन निघाले. म्हटलं, "त्याला कसलं पॉलिश? रबर आहे ते." हातात घेऊन खूप वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे असेच घट्ट असतात?"

"असतात. पण मला पाच असूनही जात नाहीत."

"हं," म्हणाले. "पुसून ठेवतो."

९ मार्च, सोमवार

गेला! काळ्यातला पाच पायात गेला! थोडा आवळतोय, पण गेला. म्हणजे रबर सैलावतं नुसतं घरात ठेवून. तक्त्यात लिहिलं: काळं, जसाच्या तसा. तिन्ही कंपन्यांत ही एकच प्रामाणिक निघाली. तक्ता पूर्ण झाला, पालीने तो मोठ्या अक्षरांत लिहून काउंटरच्या मागे लावला. मी घरी येताना गुणगुणत होते, हे मला ह्यांनी सांगितल्यावर कळलं.

१२ मार्च, गुरुवार

आज जे झालं ते लिहायलाही हात धजत नाही.

एक दंतवैद्य आले होते, उत्साही गृहस्थ, पन्नाशीचे. पाय आठ. पिवळे बूट हवे होते, रंग आवडला म्हणून. तक्त्याप्रमाणे आठ अधिक दोन, दहा दिले. ते म्हणाले, "जरा सैल वाटतात हो." मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही दातांत बघा, पायांत मी बघते." हो, असंच म्हणाले मी. मोठ्या तोऱ्यात.

चार हात वर गेले असतील. पाय बुटात फिरला, बूट ढेकळावरून सुटला आणि त्यांची हनुवटी खालच्या ढेकळावर आपटली. दोराने धरलं, पडले नाहीत. पण पुढच्या दाताचा टवका उडाला. दंतवैद्याच्या दाताचा! ते स्वतःच हसत होते बिचारे, रुमाल तोंडाला लावून. मी मात्र काउंटरखाली बसून राहिले, पाणीसुद्धा विचारायचं सुचलं नाही.

अंगठाभर जागा सोडली नव्हती. तक्ता पाहिला होता, पुन्हा पाहिला. मग सैल झाले कसे?

१३ मार्च, शुक्रवार

पाल चिडली नाही, हेच वाईट वाटलं. चिडली असती तर मीही चार शब्द सुनावले असते. म्हणाली, "काकू, तक्त्यात काहीतरी गडबड आहे. माझाच घ्या. माझा रोजचा नंबर काय दिसतो तुम्हाला?"

"साडेचार."

"बरोबर. मग पिवळ्यात मला किती लागेल?"

"साडेसहा."

तिने पाय उचलून बुटाचा तळवा दाखवला. पिवळं खोकं, पाच.

"तू मुद्दाम लहान घालतेस," मी म्हटलं. "तुमच्यात ती फॅशनच आहे, पाय चेपून घ्यायची."

"माझी बोटं सरळ आहेत काकू. हात लावून बघा."

हात लावून बघितला. सरळ होती. ती म्हणाली, तक्ता तूर्त काढून ठेवूया, आणि एकतीसपर्यंत बघूया. हे "बघूया" मला कळतं. आमच्या दुकानातही शेठ ज्याला काढायचं त्याला आधी "बघूया" म्हणायचे.

१५ मार्च, रविवार

हे पॉलिशला बसलेत. मी अंथरुणात पडून विचार करतेय.

माझी नजर गेली असेल का? चष्म्याचा नंबर बदलला असेल, की बुद्धीच भ्रष्ट झालीय? पायांशिवाय मला दुसरं काय येतं? इथून काढलं तर पुढे काय, खिडकीत बसून रस्त्यावरच्या लोकांचे नंबर मोजायचे? मला घरी बसायचं नाही. स्पष्ट लिहून ठेवते, मला भीती वाटतेय.

दुपारी चहा देताना ह्यांना सगळं सांगितलं. सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "पाय बदलतात माणसाचे. वाढतात, पसरतात वयाने. एकदा सगळ्यांचीच मापं पुन्हा घ्यावीत."

"मला शिकवताय? मापं मला शिकवताय? मी शिकवते का तुम्हाला रंधा कसा मारायचा?"

"हं," म्हणाले, आणि कप घेऊन शेडमध्ये गेले.

१७ मार्च, मंगळवार

सकाळी गर्दी नव्हती, म्हटलं, आज चढून बघूच. काळ्या खोक्यातले माझे पाच घातले. आवळत होते, बोटांवर बोटं चढली होती, पण म्हटलं, पाच आहे, बसलंच पाहिजे. पालीने दोर धरला. पहिलं ढेकूळ, दुसरं, तिसऱ्यावर डावा पाय दाबला आणि टर्र! बुटाची शिवण बाजूने उसवली आणि रबराचा तळवा जिभेसारखा लोंबायला लागला. माझी करंगळी बाहेर. समोर चार कॉलेजची पोरं, ती तोंडावर हात धरून हसली.

हीच ती प्रामाणिक कंपनी! पित्त खवळलं माझं. पालीच्या कॉम्प्युटरवरून कंपनीला तिनेच पत्र पाठवलं, मी सांगत गेले तसं. तिने अर्धे शब्द गाळले, म्हणाली, हे नाही लिहिता येत काकू. बुटाचे आतून-बाहेरून फोटोही जोडले.

२० मार्च, शुक्रवार

उत्तर आलं. पालीने वाचून दाखवलं. बूट वापराने फाटलेला नाही, कोणीतरी आत स्क्रूचं अवजार घालून जबरदस्तीने ताणलेला आहे, आतल्या बाजूला त्याचे वळ स्पष्ट दिसतात, सबब आम्ही जबाबदार नाही.

आळ! माझ्यावर! सत्तावीस वर्षांत मी बुटाला साधा ओरखडा पडू दिला नाही, आणि मी म्हणे स्क्रू घातला. पाल माझ्याकडे बघत होती. विचार करत होती, ते दिसत होतं. मी म्हटलं, "आमचे हे सुतार आहेत. अवजाराचा वळ कसा असतो ते त्यांना विचारते आणि तुला लेखी आणून देते. मग बघ."

२२ मार्च, रविवार

लिहिते. जसं झालं तसं.

दुपारी तो फाटका बूट घेऊन, नाकाला पदर लावून शेडमध्ये गेले. हे पाठमोरे बसले होते. मांडीवर माझा तपकिरी बूट. त्यातून लाकडाचं एक पाऊल बाहेर डोकावत होतं, मधे लोखंडी स्क्रू, आणि हे तो स्क्रू हळूहळू फिरवत होते. एक आटा फिरवायचा, थांबायचं, चामड्यावरून अंगठा फिरवून बघायचं, मग पुन्हा एक आटा.

"हे काय आहे?"

तोंडात खिळे नव्हते, तरी बोलेनात.

फळीवर तशी अजून लाकडी पावलं होती. तीन जोड. घासून घासून गुळगुळीत केलेली, पायाचा उंचवटा, टाच, सगळं कोरलेलं. पहिल्या जोडावर पेन्सिलीने लग्नाचं वर्ष. मी डावं पाऊल उचललं. करंगळीशी चामड्याची एक टिकली चिकटवलेली होती. बरोबर माझ्या कुरुपाच्या जागी, म्हणजे तिथे चामडं जास्त फुगावं म्हणून. तळव्यावर लिहिलं होतं: साडेसहा.

"कोणाचे पाय आहेत हे?" मी विचारलं. माहीत होतं, तरी विचारलं.

"तुझे."

"माझा नंबर पाच आहे."

"हं."

"हं काय हं! बोला!"

मग बोलले. गेल्या दहा वर्षांत एका दमात एवढं बोलले नसतील. "दुकानात फळ्या बसवायला आलो होतो. तू स्टुलावर चढून खोकी लावत होतीस. पायात नवे बूट, आणि चेहऱ्यावर कळ. मी नंबर विचारला, तू म्हणालीस पाच. मला साडेसहा दिसत होते. लाकूड असो की पाय, मापाचं मला दिसतं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू फार ठासून म्हणालीस. मला वाटलं, काहीतरी कारण असेल. म्हटलं, पाच तर पाच. बाकीचं आपण बघू."

पंचवीस वर्षं दर रविवारी हा माणूस बाकीचं बघत बसला होता. आणि मी दुकानातल्या पोरींना सांगत होते की माझ्या पायाला गुण आहे.

आधी मला भयंकर राग आला. मी त्यांना म्हटलं, तुम्ही मला आयुष्यभर फसवलंत. मग लक्षात आलं की पहिलं खोटं कोण बोललं. मग तिथेच भुशात बसून रडले, आणि रडता रडता शिंका यायला लागल्या. ह्यांनी स्वतःचा रुमाल दिला, त्यालाही भुसा होता.

२३ मार्च, सोमवार

सकाळी कोणी यायच्या आधी काउंटरवर ठेवलेली शेठची पाटी खाली घेतली. पायमोजे काढले. किती हजार लोकांना मी सांगितलं असेल, दोन्ही पायांवर भार द्या, बोटं आखडू नका. मी मात्र पाटीवर उभी राहिले आणि बोटं आपोआप आत ओढली गेली. चौदाव्या वर्षी खुर्चीखाली ओढायचे तशीच. त्यांना सरळ करायला वेळ लागला.

सरकती पट्टी अंगठ्याला टेकवली. साडेसहा. ह्यांनी लाकडावर कोरलंय त्याच्यात एका केसाचाही फरक नाही.

आत्या बरोबर होती म्हणायची का? नाही. साडेसहा म्हणजे काही होडी नव्हे. किती बायका साडेसहाच्या असतात. मी स्वतः शेकडो जणींना साडेसहा दिलेत, आणि एकीलाही मी हसले नाही.

मग मुकाट्याने तक्ता काढला. माझ्या पायाला पाच धरून सगळं मोजलं होतं. म्हणजे पिवळ्या-निळ्याच्या ओळीत दीड नंबर जास्त, आणि काळ्याची ओळ तर ताणलेल्या बुटावरून लिहिलेली. बिचाऱ्या कंपन्या! दंतवैद्याचा दात माझ्या खोट्याने फुटला.

२४ मार्च, मंगळवार

पालीला सगळं सांगितलं. बूट आमच्याच घरी ताणला गेला, हेही सांगितलं. ती काढून टाकेल असं धरूनच गेले होते, डब्याची पिशवीसुद्धा खांद्यालाच ठेवली होती.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तक्त्याची रीत बरोबर होती, फक्त पाय चुकला?"

"पाय बरोबर होता. मी सांगितलेला नंबर चुकला."

"मग दीड वजा केले तर?"

"निळं जसंच्या तसं. पिवळं अर्धा वाढवायचं. काळ्याचे मधले नंबर आलेत ना, आत्ता घालून बघितले. सहा बसतो. अर्धा कमी करायचा."

"माझा काढा."

"साडेचार आणि अर्धा. पिवळ्यात पाच."

पालीने आपल्या बुटाचा तळवा बघितला, जसा काही त्याच्यावर आकडा बदलला असेल. "तक्ता पुन्हा लावा," म्हणाली. "पण एकतीसला घंटा वाजवायचीच. त्यात सूट नाही."

२८ मार्च, शनिवार

दंतवैद्य आले. दात स्वतःच्याच हाताखालच्या डॉक्टरकडून बसवून घेतला म्हणे. मी पाटी पुढे ठेवली, म्हटलं, "उभे राहा." ते म्हणाले, "अहो, तुम्हाला तर नुसतं बघून कळतं ना?" म्हटलं, "कळतं, पण मी आता मोजते." आठ. पिवळ्यातले साडेआठ दिले. "घट्ट आहेत," म्हणाले. "सैल वाटतात का सांगा," म्हटलं. नाही म्हणाले. वर जाऊन घंटा वाजवून आले आणि नवा दात दाखवत हसले. मी त्यांची माफी मागितली. सत्तावीस वर्षांत गिऱ्हाइकाची मागितलेली ही पहिली माफी, नीट जमली नाही.

नवा तक्ता लावल्यापासून एकही "माप चुकलं" नाही. चार दिवस झाले.

३१ मार्च, मंगळवार

निळे, साडेसहा. मी स्वतः निवडले. घालताना बोटं सगळी एका ओळीत, एकमेकांवर चढलेली नाहीत. ढेकळावर पाय ठेवला की बुटातून ढेकळाचा उंचवटा कळतो. मला वाटायचं पायाला फक्त दुखणंच कळतं.

अर्ध्यावर गेल्यावर मी खाली ओरडले, "मला उतरव, मला नाही करायचं!" पाल खालून म्हणाली, "काकू, हातांनी ओढू नका, पायावर उभ्या राहा." पायावर उभं राहायला सांगतेय, आणि तेही मला! चिडूनच पुढचा पाय टाकला. मग त्याच्या पुढचा. घंटा अगदी साधी निघाली, दाराला असते तशी. तीन वेळा वाजवली. एकदाच वाजवायची असते, पण मी तीनदा वाजवली.

वरून खाली बघितलं तर हे दारात उभे होते, कपड्यांना भुसा, कामावरून तसेच आलेले. कधी आले कोण जाणे. मी बोलावलं नव्हतं.

पालीने उद्यापासून पक्कं म्हणून सांगितलं.

५ एप्रिल, रविवार

शुक्रवारी नवे बूट घेतले. रोजचे, काळे, साडेसहा, पुढे अंगठाभर जागा. दुकानातल्या मुलीने विचारलं, "नंबर?" आणि मी सांगितला. तिने मान वरसुद्धा केली नाही. दोन दिवस दिवसभर घालून उभी राहिले, काउंटरखाली एकदाही काढले नाहीत. चावले नाहीत.

आज सकाळी हे सवयीप्रमाणे सगळे बूट उचलून शेडमध्ये गेले. मी म्हटलं, आता संध्याकाळपर्यंत काही दिसायचे नाहीत. दहा मिनिटांत परत आले. माझे बूट चकचकीत पुसून दारात ठेवले, शेजारी स्वतःचे ठेवले, आणि मग खुर्चीत येऊन बसले. थोड्या वेळाने उठले, खिडकीशी गेले, पुन्हा बसले. पंचवीस वर्षांनी रविवार मोकळा मिळाला, आणि त्याचं करायचं काय ते बिचाऱ्यांना कळेना.

"चला," मी म्हटलं, "जरा चालून येऊ."